सरावात १६०० मीटर ५:२४ ला निघतं, भरतीच्या ग्राउंडवर ५:४६ लागले. हे मनाचं असेल तर मनाचा सराव करायचा कसा?

खाकीचं_स्वप्न

नमस्कार मित्रांनो, दोन वर्षं झाली पोलीस भरतीची तयारी करतोय, गावातच, शाळेच्या मैदानावर चुन्यानं ४०० मीटरचा ट्रॅक आखलाय त्यावर रोज पहाटे पळतो. १६०० मीटर मला नेहमी ५:२४ च्या आसपास निघतं, दोनदा ५:१९ पण निघालंय. गोळा आठ मीटरच्या पुढं जातो. आणि मागच्या ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीला, काय झालं तर १६०० ला ५:४६ लागले, गोळा ७.४० वर पडला, आणि लेखीच्या यादीत नाव यायला दोन मार्क कमी पडले.

त्या दिवशीचं सांगतो. रात्रभर एसटीत बसून गेलो, पहाटे साडेतीनला गेटवर रांगेत, मग कागदपत्रं, उंची-छाती, चेस्ट नंबर, आणि मग नुसतं बसून राहायचं, नंबर आला साडेआठला. तोंड कोरडं पडलेलं, तीनदा लघवीला जाऊन आलो, जांभयांवर जांभया. शिट्टी वाजली तशी सगळी पोरं सुटली, मीपण सुटलो. दुसऱ्या राउंडच्या शेवटी पाय लाकडासारखे झाले आणि तिसऱ्या राउंडला डोक्यात एकच, की अजून एक वर्ष गेलं, आता आईला काय सांगू. जिथं शिकतो तिथले सर म्हणाले तू मनानं कच्चा आहेस. ते वाक्य डोक्यातनं जात नाहीये. ज्यांनी ह्यातनं बाहेर येऊन ग्राउंड काढलंय त्यांनी प्लीज सांगा.

अंमलदार_तिसऱ्या_खेपेचा

भावा, मी तिसऱ्या भरतीत लागलो, त्यामुळं तुझी ती रांग मला पाठ आहे. आधी एक सांग, पहिला राउंड किती सेकंदात गेला होता?

खाकीचं_स्वप्न

मित्रानं कंपाउंडच्या बाहेरून व्हिडिओ काढला होता, त्यावरून आत्ता मोजलं दादा. ७०, ८४, ९५, ९७.

अंमलदार_तिसऱ्या_खेपेचा

मग बघ, उत्तर त्यातच आहे. ५:२४ म्हणजे ३२४ सेकंद, चार राउंड, एकेक ८१ चा. तू पहिलाच ११ सेकंद लवकर काढलास. ७० चा राउंड म्हणजे ४:४० चा स्पीड, तो तुझा स्पीडच नाही. वीस पैकी वीस मार्काला ५:१० लागतात, म्हणजे साडेसत्त्याहत्तरचा एक राउंड, त्याच्याहीपेक्षा तू जोरात गेलास. आणि सुटताना तुला ते जोरात वाटलंच नसणार, कारण भीतीनं अंगात जो झटका येतो ना त्यात पहिलं मिनिट-दीड मिनिट ७० पण ८१ सारखाच लागतो. त्याचा हिशोब दुसऱ्या राउंडला होतो. माझं दोन्ही वेळा हेच झालं, दुसऱ्या भरतीला तर पहिला राउंड ६८.

मी काय केलं सांगतो. ट्रॅकवर सात पोरं गोळा केली आणि त्यांना सांगितलं की पहिले २०० मीटर तुम्ही जीव तोडून पळायचं, मी मागं राहणार. हे बोलायला सोपं आहे रे, पण सात जणांच्या पाठी समोर दिसायला लागल्या की पाय आपोआप ओढले जातात, पहिल्या चार-पाच वेळा मी त्यांच्यामागं गेलोच. मग पावलं मोजायला लागलो, श्वास दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर, ते चुकायला लागलं की समजायचं स्पीड वाढला. महिनाभरानं सगळ्यात शेवटी पळतोय ह्याची लाज वाटायची बंद झाली. खऱ्या ग्राउंडला पहिल्या राउंडला मी मागून तिसरा होतो, आणि तिसऱ्या राउंडला एकेक जण मागं टाकत गेलो.

सोलापूरचा_रनर

माझं जरा वेगळं मत आहे. सगळं मनावर ढकलू नका. पोरगं रात्रभर एसटीत बसलंय, झोप नाही, पहाटेपासून थंडीत मांडी घालून बसलंय, पोटात काही गेलं का नाही माहीत नाही, आणि साडेआठला एकदम उठून पळालं. ह्यात मनाचा काय दोष? आदल्या दिवशी दुपारीच पोच, ओळखीच्याकडं, धर्मशाळेत, कुठंही पाठ टेक. पळायच्या दोन-अडीच तास आधी केळी, पाव, गूळ-शेंगदाणे, जे रोज खातोस तेच. नंबर जवळ आला की जागच्या जागी गुडघे वर उचलून अंग गरम कर, कोण बघतंय ह्याचा विचार करू नको. निम्मा कच्चेपणा तिथंच निघून जाईल.

पीटी_सर_नगर

सोलापूरकरांचं बरोबर आहे, शरीर आधी. पण सरावात सगळं जमून नेमक्या दिवशी कोसळणं ह्याच्यामागं मनाचा भाग असतोच, आणि तो शिकता येतो. म्हणून "मनानं कच्चा" हे वाक्य मला अजिबात पटत नाही. मी २२ वर्षं शाळेत मुलं पळवतोय, छाती धडधडली नाही असा चांगला खेळाडू मी पाहिलेला नाही.

आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचंच घ्या. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीतल्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या फायनलच्या दिवशी त्यानं काही खाल्लं नव्हतं, नुसता कोरा चहा घेतला होता, पोटात कालवत होतं, हे त्यानंच नंतर सांगितलं. आणि स्कोअरबोर्डकडं बघितलंच नाही म्हणाला. सुरुवातीच्या नीलिंगनंतर, म्हणजे गुडघ्यावर बसून मारायच्या गोळ्यांनंतर, तो सहावा होता, शेवटी ४५१.४ वर ब्राँझ. म्हणजे भीती गेली म्हणून मेडल आलं असं नाही, भीती होतीच, फक्त नजर कुठं ठेवायची हे ठरलेलं होतं. तुमच्या बाबतीत स्कोअरबोर्ड म्हणजे पुढची पोरं.

धडधडीचं एक सांगतो. शांत हो, शांत हो असं स्वतःला सांगून ती जात नाही, उलट शांत होत नाहीये ह्याचीच भीती वाढते. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स ह्यांनी २०१४ साली दाखवलं की गाणं, भाषण, गणितं असल्या परीक्षेच्या आधी ज्यांना "मला हुरूप आलाय" असं म्हणायला सांगितलं त्यांची कामगिरी शांत होऊ बघणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. छाती दोन्हीकडं सारखीच उडते, भीतीत पण आणि हुरुपात पण, तिला नाव काय द्यायचं ते आपल्याकडं असतं. सुटायच्या आधी दोन-तीन लांब उच्छ्वास टाका, आत चार मोजून, बाहेर सहा मोजून, आणि म्हणा की अंग तयार झालंय.

दुसरं, ते पाच तास. बरीच मुलं रांगेत सामान्य ज्ञानाची पुस्तकं उघडून बसतात, ते बंद करा. २००९ साली सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी माणसांना दीड तास डोकं लावायचं काम कॉम्प्युटरवर दिलं आणि मग दमेपर्यंत सायकल मारायला लावली. इतर दिवसांपेक्षा ती आधीच थांबली, आणि गंमत म्हणजे हृदयाचे, स्नायूंचे आकडे खराब झालेलेच नव्हते, फक्त तेवढाच जोर जास्त जड वाटत होता. रांगेत मोबाईल, प्रश्नसंच, कटऑफच्या चर्चा, सगळं लांब ठेवा.

आणि सराव त्या दिवसासारखा करा. नेमबाज अभिनव बिंद्रा अथेन्स ऑलिंपिकला २००४ मध्ये फायनलला जाऊन सातवा आला होता. बीजिंगच्या आधी त्यानं तिथल्यासारखा मोठा हॉल पाहिजे म्हणून लग्नाचा हॉल घेऊन तिथं नेमबाजी केली. २००८ च्या फायनलला शेवटच्या गोळीआधी बरोबरी होती आणि तेव्हा त्यानं १०.८ मारला आणि गोल्ड घेतलं. तुम्ही पण आठवड्यातनं एकदा पहाटे चारला ट्रॅकवर जाऊन बसा, छातीला नंबर लावा, आणि साडेआठला पळा.

गोळा_आणि_मी

भाऊ, गोळ्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी चार किलोचा टाकायचे, तुमचा ७.२६० चा, पण घोळ तोच. सरावात गोळा आपोआप जातो, आणि ग्राउंडवर आपण कोपर कुठंय, मनगट कुठंय, पाय रेषेवर पडेल का, असं एकेक तपासायला लागतो आणि हात अडखळतो. गॅब्रिएल वुल्फ म्हणून एक संशोधक आहेत, त्यांचा सगळा अभ्यास ह्याच्यावरच आहे की लक्ष स्वतःच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा बाहेर, जिथं परिणाम व्हायचाय तिथं ठेवलं तर हालचाल सुधारते. हे मला माझ्या ताईनं कुठलं पुस्तक न वाचताच शिकवलं होतं. तिनं पुढं दोन काठ्यांना दोरी बांधली, माझ्या डोक्यापेक्षा उंच, आणि म्हणाली कोपर विसर, दोरीवरून घालव. ग्राउंडवर दोरी नव्हती पण मला ती दिसत होती. आणि टाकायच्या आधी दर वेळी तेच करायचं, माती हाताला चोळायची, गोळा मानेला लावायचा, एक श्वास सोडायचा, "दोरी" म्हणायचं, टाकायचा. घाई करा म्हणून कोणी ओरडलं तरी तेवढे पाच सेकंद सोडायचे नाहीत.

आणि आईला काय सांगू, हा विचार तिसऱ्या राउंडला येणारच, माझ्या ८०० मीटरच्या दुसऱ्या राउंडला यायचा. तो येऊ नये म्हणून झटायचं नाही, तो आला की काय म्हणायचं ते आधी ठरवून ठेवायचं. माझं होतं "खांदे सोड, हात मार".

खाकीचं_स्वप्न

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय. काल रविवारी पीटी सर म्हणाले तसं केलं, चारला जाऊन मैदानावर बसलो, मोबाईल घरी ठेवला, गावातली सात पोरं साडेआठला आली, छातीला वहीचे कागद पिनेनं लावले. पोरं सुटली तशी माझी छाती खऱ्या ग्राउंडसारखीच उडत होती, बाहेरच्या वळणावर सगळे वीस-पंचवीस मीटर पुढं गेलेले आणि मी एकटा मागं, खरंच सांगतो ते बघवत नव्हतं. पावलं मोजत राहिलो. तिसऱ्या राउंडला तो विचार आला, आला तेव्हा "खांदे सोड, हात मार" म्हणालो, तो काही गेला नाही पण पाय चालू राहिले. राउंड झाले ७९, ८२, ८३, ७९. म्हणजे ५:२३, पाच तास बसून राहिल्यानंतर.

ताई, दोरी बांधलीये, अजून तीनदाच वरून गेला. दादा, सात पोरं आता मला ओळखून आहेत, ती मुद्दाम हळू सुटतात असं वाटतंय, अजून अनोळखी पाच-सहा जण पाहिजेत. बार्शीच्या आसपासचं कोणी असेल तर पुढच्या रविवारी या, चहा माझ्याकडं.