डॉक्टरांना नेमकं सांगायचं काय?

महालचा_एक: पुरुषांशी संबंध आहेत, तपासण्या करायच्या आहेत. फॅमिली डॉक्टर बाबांचे ओळखीचे, केबिनमध्ये पुढचे दोन पेशंट बाकावर बसलेलेच असतात. अशात बोलायचं कसं? आणि नाही सांगितलं तर काय बिघडतं?

रात्रपाळी: तपासणी चुकते. गनोरिया, क्लॅमिडिया (संबंधांतून पसरणारे संसर्ग) घशात किंवा गुदद्वारात असेल तर लघवीच्या टेस्टमध्ये सापडेलच असं नाही, त्या जागेचाच स्वॅब लागतो. त्रास तर बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. "मी गे आहे" हे नाही सांगितलं तरी एक वेळ चालेल, पण संबंध तोंडाने की गुदमार्गाने, कंडोम होता का, शेवटचा केव्हा, हे स्पष्ट सांगा. तारीख फार महत्त्वाची. एचआयव्हीची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तरी तीन महिने होईपर्यंत पक्की धरत नाहीत. संबंधानंतर ७२ तास उलटले नसतील तर आधी पीईपीसाठी, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या गोळ्यांसाठी धावा. गोळ्या २८ दिवस, आणि पहिला डोस जितका लवकर तितका बरा. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर तीही घ्या: ०, १, ६ महिने.

निळी_शाई: ह्या कामाला ते डॉक्टर नकोच भाऊ. गोपनीयता त्यांनाही बंधनकारक आहे, पण संध्याकाळच्या गप्पांवर पहारा कोण ठेवणार! नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात जा. एचआयव्ही टेस्ट फुकट, समुपदेशक एकट्याशी बोलतात, संमतीशिवाय टेस्ट करत नाहीत. आधी विचारायचं असेल तर १०९७ ही एड्स हेल्पलाइन. खासगी लॅबमध्ये मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, रिपोर्ट त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. घरचा नंबर आधीच नोंदलेला असला तर बदलून घ्या.

सीताबर्डी: ट्रान्स असणाऱ्यांनी हॉर्मोनचं नाव, डोस आणि कधीपासून सुरू आहे ते सांगावं, दुकानातून परस्पर घेतलं असलं तरी. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिनची नॉर्मल पातळी लॅब फॉर्मवरच्या लिंगानुसार छापते, त्यामुळे रिपोर्ट उगाच बिघडलेला किंवा उगाच ठीक दिसतो. इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, म्हणून ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना कळायलाच हवं. टेस्टोस्टेरॉनने पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो.

महालचा_एक: आणि "लग्न कर, औषधाने बरं होईल" म्हणाले तर?

निळी_शाई: उठून या. असे 'उपचार' राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच गैरवर्तन ठरवलेत. तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी करता येते, म्हणून डॉक्टरांनी दिलेली औषधाची चिठ्ठी फाडू नका.