मदत हवी आहे: सी ड्राईव्हमधल्या न हलणाऱ्या फाईल्स कोणत्या, ते कुठे कळेल?

नमस्कार मंडळी, देवगडातून लिहितोय. काकांच्या आंब्याच्या धंद्याचा जुना पीसी आहे, विंडोज ७, ५०० जीबीची डिस्क आणि सगळी मिळून एकच सी ड्राईव्ह. पेट्यांचे हिशोब, बिलं, गिऱ्हाईकांचे पत्ते सगळं त्यातच, म्हणून म्हटलं डी वेगळी काढू, उद्या विंडोज परत टाकायची वेळ आली तर निदान हिशोब तरी वाचतील. निम्म्याहून जास्त डिस्क रिकामी आहे तरी श्रिंकला (सी लहान करून जागा मोकळी करायला) गेलं की जराशीच जागा देतो, म्हणे न हलणाऱ्या फाईल्सच्या अलीकडे येता येत नाही. डिफ्रॅग (विखुरलेले फाईल्सचे तुकडे सलग लावणं) करून झालं, आकडा ढिम्म. एक्सपीत असल्या फाईल्स हिरव्या पट्ट्यांनी दिसायच्या, ७ मधे तो नकाशाच काढून टाकलाय, का ते देव जाणे. आणि हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करणं) बंद कर सांगणाऱ्यांना आधीच सांगतो, इकडे पावसात लाईटचा काही नेम नाही, गेली की यूपीएसवर हायबरनेट करूनच मशीन बंद करतो.

प्रतिसाद: इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधे काय काय घडलं ते दाखवणारा प्रोग्रॅम) उघड, विंडोज लॉग्जमधे ॲप्लिकेशन, तिथे डिफ्रॅगची २५९ नंबरची एंट्री शोध. श्रिंकला जागा मोजून झाली की ती पडते, त्यात शेवटच्या अडवणाऱ्या फाईलचं नाव असतं. एकच नाव मिळतं हां, ती काढली की पुढची दिसते. फाईल किती मोठी याला महत्त्व नाही, कुठे बसलीय ते बघायचं, डिस्कच्या टोकाला चिमूटभर फाईल असली तरी अडवते.

धागाकर्ता: मिळाली! हायबरफिल.सिस, म्हणजे हायबरनेटचीच फाईल निघाली, आता बोला.

प्रतिसाद: अरे कायमची कुठे बंद करायचीय, श्रिंक होईपर्यंतच. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधे पॉवरसीएफजी कमांडने हायबरनेट ऑफ कर, फाईल आपोआप जाते, काम झालं की परत ऑन. पेजफाईलचंही (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाईल) तसंच, पण तिला रीस्टार्ट लागेल. सिस्टिम रिस्टोअर बंद केलंस तर जुने रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीत न्यायच्या खुणा) उडतील, ते बघून कर. आणि हे सगळं लाईट असताना, हिशोब पेनड्राईव्हवर घेऊन मगच.

धागाकर्ता: हायबरनेट, पेजफाईल दोन्ही बंद केलं, जागा बरीच वाढली. आता २५९ मधे $एमएफटी दिसतंय, हे काय बंद करायचं?

प्रतिसाद: त्याला हात लावू नको!! सगळ्या फाईल्सची नोंदवही आहे ती. मिळतेय तेवढ्या जागेत डी कर, हिशोबाला कितीशी लागणार.