अशिलाने खून कबूल केल्यावरही वकिलाने लढायचं? (लॉर्ड रसेल खून, लंडन १८४०)

टकमक_टोक:
खून राहिला बाजूला, माझं डोकं वकिलावर फिरलंय. ६ मे १८४०, पार्क लेनजवळची नॉरफोक स्ट्रीट. लॉर्ड विल्यम रसेल, वय ७२, मंत्री लॉर्ड जॉन रसेलचे सख्खे काका. सकाळी मोलकरीण सारा मॅन्सर आणि स्विस नोकर कुर्व्हाझिए त्यांच्या खोलीत गेले, हा सरळ खिडकी उघडायला आणि ती पलंगाकडे, तर उशी रक्ताने भिजलेली. खाली सामान असं विस्कटलेलं की चोर आला वाटावं. पण पोलिसांना नोकराच्या पॅन्ट्रीत भिंतीकडेच्या फळीमागे अंगठ्या, नोट, वॉटर्लूचं मेडल सापडलं आणि भाऊ आत.

जूनमध्ये खटला चालू असतानाच लेस्टर स्क्वेअरच्या एका हॉटेलच्या मालकीणबाईंकडून याने ठेवायला दिलेलं पार्सल निघालं, आत लॉर्डसाहेबांचे चांदीचे चमचे-काटे. मग त्याने वकील चार्ल्स फिलिप्सला सांगून टाकलं, मीच मारलं, पण केस तुम्ही शेवटपर्यंत लढवा. आणि हा बाबा लढला! वर संशयाची सुई सारावर!! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, वकिलाच्या आज ऐकल्या.

कज्जेदलाल:
मी कोर्टात रोज असतो म्हणून सांगतो, मधेच उठून गेला असता तर ज्युरीला काय समजायचं ते समजलंच असतं, म्हणजे अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलानेच फोडल्यासारखं. आणि काळ बघा. १८३६ च्या कायद्याआधी अशा केसमध्ये बचावाच्या वकिलाला ज्युरीपुढे भाषणच करता येत नव्हतं, आणि आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष देता यायला १८९८ उजाडलं. त्या पोराला दुसरं तोंडच नव्हतं. आपल्याकडेही बार कौन्सिलचा नियम हाच, आरोपी दोषी वाटतो का यावर बचाव ठरत नाही.

निशिगंधा_क:
"दोषी वाटतो" आणि "त्याने स्वतः सांगितलंय" एकच का हो? पुरावा कच्चा आहे म्हणा, पोलीस बक्षिसामागे आहेत म्हणा, सगळं चालेल. पण निर्दोष बाईकडे बोट? तिची नोकरी गेली, नाव गेलं तर परत कुठल्या घरात कोण ठेवणार तिला?

कज्जेदलाल:
पोलिसांवरचा संशय हवेतला नव्हता. कुर्व्हाझिएच्या आधी झडती झालेल्या पेटीत नंतर रक्ताचे हातमोजे निघाले. असे प्रश्न कोणीच विचारायचे नाहीत का? साराबद्दल मात्र फिलिप्सची भाषा जपून होती, नोकरमाणसांच्या अब्रूला धक्का नको म्हणाला.

निशिगंधा_क:
"मी काही म्हणत नाही बरं का" म्हणत म्हणायचं, ते आमच्या चाळीतल्या काकूंनाही जमतं 😏 "कोणी केलं ते देवालाच ठाऊक" अशा अर्थाचं वाक्यही त्याच्या नावावर आलं, त्यावरून १८४९ पर्यंत खुलासे देत बसला.

धुक्यातला_दिवा:
मला वेगळंच खटकतं. फिलिप्स सल्ला विचारायला गेला तो न्यायाधीश पार्ककडे, आणि पार्क त्याच खटल्यात बेंचवर! पार्कने सांगितलं, अशील म्हणतोय तर लढलंच पाहिजे. ठीक आहे, पण आता एका न्यायाधीशाला गुन्हा माहीत झाला ना. सारावर बोलणं चूक की बरोबर यावर शंभर मतं निघतील, पण हे सरळ सरळ अशिलाला बुडवणं.

टकमक_टोक:
बुडायचा होताच तो. ६ जुलैला न्यूगेट तुरुंगाबाहेर फाशी, बघायला सुमारे ४०,००० माणसं. गर्दीत लेखक थॅकरे होता, डिकन्सही होता. कबुलीजबाब पण एक नाही, चार-पाच दिले पठ्ठ्याने, एकाचा दुसऱ्याला मेळ नाही.

कज्जेदलाल:
मग फिलिप्सला सांगितलेलंच तेवढं खरं, हे कशावरून धरायचं? @धुक्यातला_दिवा पार्कबद्दल मात्र एकदम मान्य, तिथे माझ्याकडे बचाव नाही.

निशिगंधा_क:
तुमच्याकडे बचाव नाही?! स्क्रीनशॉट काढून ठेवते.