न्यूट्रल तुटून जळालेली उपकरणं: दुरुस्त करावीत की बदलावीत?

सोल्डरगन: आमच्या गल्लीत डीपीपाशी न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार, तुटला. अशा वेळी ज्या फेजवर लोड कमी, तिथे व्होल्टेज चढतं. २३० च्या जागी ४०० च्या आसपास जाऊ शकतं. काही घरांत दिवे मंद झाले, तर काही घरांत टीव्ही, राउटर, वॉशिंग मशीन एकदम बंद पडली. एमसीबी, म्हणजे मीटरपाशी आपोआप पडणारा स्विच, पडला नाही, कारण तो जादा करंटवर पडतो, जादा व्होल्टेजवर नाही. आता सर्व्हिस सेंटरवाले सगळ्यांना एकच सांगताहेत: उपकरणाचा आख्खा सर्किट बोर्ड बदला.

मला हे पटत नाही. बोर्डाच्या तोंडाशी फ्यूज असतो आणि मागे एमओव्ही, म्हणजे जादा व्होल्टेजपासून वाचवणारी ती गोल चपटी टिकली. व्होल्टेज चढलं की ती शॉर्ट होते, फ्यूज उडतो आणि पुढचा भाग बऱ्याचदा वाचतो. दोन्हींची किंमत मिळून शंभर रुपयेसुद्धा होत नाही. त्यासाठी हजारोंचा बोर्ड कचऱ्यात का टाकायचा?

मीटरवाली: तुम्ही सोपी केस सांगताय. २३० व्होल्टला सप्लाय सेक्शनच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात. ४०० ला तेच ५६५ होतात, आणि कपॅसिटर असतो ४०० किंवा ४५० व्होल्टचा. तो फुगतो, मॉस्फेट (सप्लाय चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) जातो, सोबत कंट्रोलर आयसीसुद्धा. बोर्ड चालू झाला म्हणजे बरा झाला असं नाही. ताण सोसलेला भाग पुढे कधीही दगा देतो. घरात लहान मुलं आहेत, मी तरी असा बोर्ड असलेला टीव्ही भिंतीवर चालू ठेवणार नाही.

सोल्डरगन: मग ते सगळे भाग बदला ना! बाजारात सुटे मिळतात. चालू करताना आधी सिरीज बल्ब, म्हणजे सप्लाय आणि उपकरणाच्या मध्ये एक बल्ब, लावायचा. बल्ब फुल पेटून राहिला तर अजून शॉर्ट आहे.

पाना_पक्कड: सिरीज बल्बने शॉर्ट कळतो, इन्सुलेशन कळत नाही. माझा आक्षेप कारागिरांच्या सवयीवर आहे. एमओव्ही सरळ कापून नुसता फ्यूज टाकतात. टीव्ही चालतो, गिऱ्हाईक खूश, पण पुढच्या वेळी संरक्षण शून्य. मेन्स आणि आउटपुटच्या मधला वाय क्लासचा, म्हणजे सहसा शॉर्ट होऊ नये असा खास बनवलेला, कपॅसिटर उडाला की त्या जागी साधा लावतात. तो शॉर्ट झाला तर बाहेरच्या पत्र्यापर्यंत करंट येऊ शकतो. यात माणूस मरतो. असा कारागीर असेल तर बोर्ड बदललेलाच बरा.

सोल्डरगन: वाईट कारागीर आहेत म्हणून दुरुस्तीच सोडायची? जुना भाग परत मागा, नवीन कोणता लावला ते बिलावर लिहून घ्या. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, ते कशासाठी? कंपन्यांनी सर्किट आणि सुटे भाग खुले केले तर गल्लीतला कारागीरसुद्धा नीट काम करील.

थंडगार: एसीचं काम करतो. इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या युनिटच्या बोर्डावर बऱ्याचदा रेझिन, म्हणजे घट्ट होणारा लेप, ओतलेलं असतं. ते खरवडताना ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, उखडतात. राउटरचा अडॅप्टर तर उघडूच नका, नवा घ्या. टीव्ही, वॉशिंग मशीनबाबत मी सोल्डरगन यांच्या बाजूने.

मीटरवाली: आणि दुरुस्तीची इतकी घाई का? आधी फोटो काढा, गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या. वीज कायदा २००३ च्या कलम ४२(५) खाली ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. जळालेले भाग कारागिराने फेकून दिले की दाखवायला हातात काय उरतं? न्यूट्रल तुटला तो आपल्या चुकीने नाही, मग खर्च आपण का सोसायचा?

सोल्डरगन: तक्रार जरूर करा, भाग पिशवीत जपून ठेवा. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईने निकाल लागेपर्यंत हातानेच धुणी धुवायची का? मशीन आज दुरुस्त झालं पाहिजे. आणि मीटरनंतर ओव्हर व्होल्टेज रिले बसवा, व्होल्टेज चढलं की तो सप्लाय तोडतो. नुसत्या स्पाइक गार्डवर विसंबू नका, त्यात आतून एमओव्हीच असते. विजेच्या क्षणभराच्या झटक्याला ती पुरते. तासभर चढलेल्या व्होल्टेजला नाही.

पाना_पक्कड: रिलेबाबत दुमत नाही. वाय कपॅसिटरबाबत मात्र माझं म्हणणं कायम. कारागीर तो ओळखून दाखवत नसेल तर मशीन त्याच्या हाती देऊ नका.