टाइम्ड आउटचं अपील केलं म्हणजे मी वाईट माणूस का?

बंडू_लेगस्पिन:
मंडळी, सल्ला हवाय. ऑफिसच्या लीगमध्ये (सीझन बॉल, सकाळी 7 ची मॅच, म्हणजे अर्धी टीम झोपेतच) मी कॅप्टन आहे. परवा समोरच्यांची पाचवी विकेट पडली आणि पुढचा बॅट्समन येईचना. एक पॅड पायात, दुसरं हातात, मागून कोणीतरी ग्लोव्ज घेऊन पळतंय, असा सगळा सीन. चार मिनिटं तरी गेली असतील. कीपर म्हणाला अपील कर, बॅट्समन वेळेत आला नाही तर टाइम्ड आउट असतो, नियमात आहे, मी केलं. अंपायरने घड्याळच लावलं नव्हतं म्हणून नॉटआउट दिलं, मला वाटलं विषय संपला. पण नंतर टपरीवर त्यांच्यातलं कोणी माझ्याशी बोलेना, आणि आमच्यातलेच दोघं म्हणाले, शाकिब झालास की रे. आता गंमत अशी की 2023 च्या वर्ल्डकपमध्ये बांगलादेशचा कॅप्टन शाकिबने श्रीलंकेच्या मॅथ्यूजला असंच आउट केलं, ती मॅच बघताना शाकिबला शिव्या मीच घातल्या होत्या. तर खरंच चुकलं का माझं?

थर्डमॅन:
आधी नियम बघ. एमसीसीच्या (क्रिकेटचे नियम लिहिणारा क्लब) लॉ 40 मध्ये 3 मिनिटं आहेत, त्या वर्ल्डकपच्या प्लेइंग कंडिशनमध्ये 2 होती. नुसतं क्रीजवर पोचून भागत नाही, तेवढ्या वेळात पुढचा बॉल खेळायला तयार पाहिजे. अपील केलं नाही तर आउट नाही, आणि विकेट बॉलरच्या खात्यात जात नाही.
6 नोव्हेंबर 2023, दिल्ली. समरविक्रमा आउट झाला, मॅथ्यूज आला, गार्ड घ्यायच्या आधी हेल्मेटचा पट्टा तुटला, त्याने दुसरं मागवलं, इकडे शाकिबचं अपील. अंपायरने शाकिबला विचारलं की मागे घेतोस का, तो नाही म्हणाला. इंटरनॅशनलमध्ये असा आउट झालेला पहिला माणूस. चौथे अंपायर होल्डस्टॉक यांचं म्हणणं, पट्ट्याचा प्रश्न यायच्या आधीच दोन मिनिटं संपली होती. मॅथ्यूजने नंतर व्हिडिओ टाकून सांगितलं, अजून 5 सेकंद शिल्लक होते. म्हणजे भांडण 5 सेकंदांचं, तुझ्याकडे तर पूर्ण मिनिट होतं वर. नियमाने तू बरोबर.

कट्ट्यावरचा_काका:
नियमाने बरोबर रे, पण केप टाऊन आठवा. जानेवारी 2007, साउथ आफ्रिकेविरुद्ध सिरीज 1-1, शेवटची टेस्ट. सेहवाग आणि जाफर झटपट गेले, 2 बाद 6, आता सचिन येणार, तर तो आधी फिल्डिंगच्या वेळी मैदानाबाहेर होता म्हणून नियमाने त्याला लगेच येता येईना. लक्ष्मण अंघोळीला. शेवटी गांगुली धावपळ करत तयार होऊन आला तोवर सहा मिनिटं झाली होती. अंपायरने त्यांचा कॅप्टन ग्रॅम स्मिथला परिस्थिती सांगितली, त्याने अपील केलंच नाही. आणि मॅच, सिरीज दोन्ही जिंकला. ह्याला म्हणतात खेळ. आपल्या वानखेडेवर 1980 ला आपला कॅप्टन विश्वनाथने आउट दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावलं ते तर सगळ्यांना माहीतच आहे.

गहुंजे_एंड:
काका, विश्वनाथचं उदाहरण इथे बसत नाही. टेलरची बॅट लागलीच नव्हती, चूक अंपायरची होती, विश्वनाथने ती दुरुस्त केली. (मग टेलर-बोथमने 171 ची पार्टनरशिप केली आणि आपण 10 विकेटनी हरलो, पण ते सोडा.) मॅथ्यूजच्या वेळी अंपायर चुकलाच नव्हता, मग कॅप्टनने काय दुरुस्त करायचं? खिलाडूवृत्ती दर वेळी फिल्डिंगवाल्यांनीच दाखवायची का, उशिरा येणाऱ्याने वेळेवर यायची नाही? 2002 मध्ये साउथ आफ्रिकेत व्हॅसबर्ट ड्रेक्स टाइम्ड आउट झाला तेव्हा तो विमानात होता विमानात! त्याची पण वाट बघायची का?
आणि मॅथ्यूजने नुसतं अंपायरला विचारलं असतं, पट्टा तुटलाय, बदलू का, तर बहुतेक प्रकरण तिथेच मिटलं असतं. दोनच दिवसांनी आमच्या गहुंज्यात नेदरलँड्सविरुद्ध इंग्लंडच्या वोक्सला हेल्मेटचाच प्रॉब्लेम आला, त्याने आधी अंपायरला सांगितलं. काहीच झालं नाही.

सुमी_स्क्वेअरलेग:
मला वाटतं तुम्ही दोघंही एकाच दोरीने सगळं मोजताय. उशिरा येणं वेगळं आणि आल्यावर सामान तुटणं वेगळं. बंडूच्या बॅट्समनचं पॅड तुटलं नव्हतं, तो गाफील होता. त्याच्याविरुद्ध अपील केलं तर मला काही वाटणार नाही. मॅथ्यूज मात्र क्रीजपाशी उभा होता, त्याला बाद करून बांगलादेशला जे मिळालं ते बॉलिंगने मिळवलेलं नव्हतं. शाकिब म्हणाला मी युद्धात आहे असं वाटत होतं. चॅम्पियन्स ट्रॉफीसाठी वर्ल्डकपच्या पहिल्या आठात राहायचं होतं, मान्य. पण ह्याच बांगलादेशने जेमतेम दीड महिना आधी मीरपूरला न्यूझीलंडच्या ईश सोढीला नॉन-स्ट्रायकर एंडला रनआउट करून परत बोलावलं होतं, लिटन दास कॅप्टन होता. सोढीने जाऊन बॉलरला मिठी मारली. मॅच बांगलादेश हरलं. तेव्हा कॅप्टनवर असतं बरंच.

बंडू_लेगस्पिन:
सुमी, गाफील हा शब्द त्याला कळवतो 😀 मी काल त्यांच्या कॅप्टनला फोन केला, पुढच्या मॅचपासून 3 मिनिटं, स्टॉपवॉच अंपायरकडे, पुढचा बॅट्समन पॅड बांधूनच बसणार आणि काही तुटलं तर हात वर करून सांगायचं, असं ठरलंय. अपील मात्र मी परत करीन असं पण सांगितलं त्याला, उगाच गोड कशाला बोला.
त्या बॅट्समनला पण सॉरी वगैरे न म्हणता नुसतं "मॅच रविवारी, 7 वाजता" एवढंच पाठवलं. मॅथ्यूजने शाकिबला आउट केल्यावर मनगटाकडे बोट दाखवलं होतं आठवतंय? आमच्या बॅट्समनने उत्तरात नुसतं घड्याळ पाठवलंय. चिडलाय की हसतोय काही कळत नाहीये.