मेक, कॅरी, ब्रेक : रिलेच्या कॉन्टॅक्टचं रेटिंग मराठीत कसं सांगावं?

पॅनेलवाला : उपकेंद्रातल्या ऑपरेटरांसाठी मराठीत माहितीपुस्तिका लिहितोय. रिलेच्या (बिघाड ओळखून ब्रेकरला हुकूम देणारं उपकरण) कॅटलॉगमध्ये एकाच कॉन्टॅक्टपुढे तीन आकडे दिसतात : मेक ३० अँपिअर, कॅरी ६ अँपिअर, ब्रेक ०.३ अँपिअर. मी सरसकट 'संपर्क क्षमता' लिहिलं होतं, पण तीन आकड्यांना एकच नाव कसं पुरणार? ब्रेकर (लाइन जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) उघडणाऱ्या ट्रिप सर्किटबद्दल आणि तो चालू करणाऱ्या क्लोज सर्किटबद्दल लिहायचंय. शब्द सुचवा.

शब्दवेडा : जोडक्षमता, वहनक्षमता, तोडक्षमता. सुटसुटीत आहेत, उच्चारायलाही सोपे.

टेस्टिंगवाला : शब्द छान आहेत, पण 'क्षमता' म्हटलं की माणूस सगळ्यात मोठा आकडा लक्षात ठेवतो. इथे जपायचं ते सगळ्यात लहान आकड्याला.

ट्रिप सर्किटमध्ये काय होतं ते बघा. बॅटरी ११० व्होल्ट डीसी, ट्रिप कॉइल २२ ओहमची धरू, म्हणजे धारा ५ अँपिअर. रिलेचा कॉन्टॅक्ट मिटला, कॉइलने लॅच (यंत्रणा अडकवून ठेवणारी खिटी) सोडला, ब्रेकर उघडला. ब्रेकरच्या यंत्रणेलाच जोडलेला ५२-ए हा सहायक कॉन्टॅक्ट ट्रिप कॉइलच्या मालिकेत असतो. ब्रेकर उघडताना तो उघडतो आणि ५ अँपिअर तोच तोडतो. रिलेचा कॉन्टॅक्ट तोवर धरून ठेवलेला असतो, मग रिकाम्या सर्किटवर निवांत उघडतो. म्हणून ०.३ तोडू शकणारा कॉन्टॅक्ट ५ अँपिअरच्या कॉइलवर वर्षानुवर्षं चालतो.

आता ५२-ए चिकटला किंवा यंत्रणा अडकली तर? धारा वाहतच राहते. ट्रिप कॉइल क्षणभराच्या कामासाठी बनवलेली, ती जळते. मधेच रिले सुटला तर ५ अँपिअर त्याच्या कॉन्टॅक्टवर येतात. एसीमध्ये ५० हर्ट्झला सेकंदात १०० वेळा धारा शून्यावर येते, आर्क (उघडत्या कॉन्टॅक्टमधली ठिणगी) विझायला संधी मिळते. डीसीत ती सोय नाही. वर कॉइलचं इंडक्टन्स धारेला लवकर खाली येऊ देत नाही. कॅटलॉगात ब्रेकच्या आकड्याशेजारी 'एल बाय आर ४० मिलिसेकंद' (इंडक्टन्स भागिले रोध, म्हणजे धारा किती हळू उतरते त्याचं माप) छापलेलं असतं ते याचसाठी. ही अट पुस्तिकेत गाळू नका.

साध्या प्लग-इन रिलेवर '१० अँपिअर, २५० व्होल्ट एसी' मोठ्या अक्षरात असतं. त्याखाली बारीक अक्षरात '३० व्होल्ट डीसी'. तो ११० डीसीच्या कॉइलला लावून ठेवलेले पॅनेल मी पाहिलेत.

शब्दवेडा : मग नाम नको, क्रियापदच ठेवा. 'जोडताना ३०, वाहताना ६, तोडताना ०.३.' आकडा कुठल्या कामाचा ते आपोआप कळेल.

टेस्टिंगवाला : हे आवडलं. फक्त 'वाहताना' पुढे वेळ हवी. ६ अँपिअर सतत वाहतो. ३० ला अमेरिकेच्या आयट्रिपलई सी३७.९० मानकात ट्रिपसाठी जोडून ०.२ सेकंद वाहण्याची अट आहे, कायम नव्हे. 'क्षणभर' आणि 'सतत' असे दोन रकाने करा.

आयटीआयमास्तर : आमच्याकडे मुलांचा वेगळाच गोंधळ होतो. काही पुस्तकांत नॉर्मली ओपनला 'मेक कॉन्टॅक्ट' आणि नॉर्मली क्लोज्डला 'ब्रेक कॉन्टॅक्ट' म्हणतात. त्यामुळे 'ब्रेक रेटिंग' म्हणजे एनसी कॉन्टॅक्टचं रेटिंग, असं वाटतं. 'तोडताना' लिहिलंत तर ही भानगडच मिटेल.

पॅनेलवाला : क्लोज सर्किटला 'बंद करण्याचा परिपथ' लिहिलं तर चालेल का?

टेस्टिंगवाला : अजिबात नको! 'ब्रेकर बंद आहे' ऐकून लाइनमन काय समजेल? सप्लाय गेला, लाइन मोकळी आहे. इंग्रजीतला क्लोज्ड ब्रेकर म्हणजे तर लाइन चालू. त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. 'ब्रेकर चालू करण्याचं सर्किट' लिहा, नाहीतर सरळ 'क्लोज सर्किट'. कॉन्टॅक्टसाठी 'मिटला' आणि 'उघडला' ठेवा, 'बंद' कुठेच नको.

क्लोजमध्ये ५२-ए च्या जागी ५२-बी (ब्रेकर उघडा असताना मिटलेला राहणारा सहायक कॉन्टॅक्ट) येतो, शिवाय स्प्रिंग चार्ज झाल्याचा लिमिट स्विच आणि अँटी-पंपिंग रिले (ब्रेकरला पुन्हा पुन्हा मिटू न देणारा). स्प्रिंगच्या ब्रेकरमध्ये क्लोज कॉइलही लॅचच सोडते, त्यामुळे हिशोब ट्रिपसारखाच. जुन्या सोलेनॉइड ब्रेकरमध्ये मात्र कॉइलच ब्रेकर ओढून घ्यायची, धारा बरीच जास्त, म्हणून मधे क्लोजिंग कॉन्टॅक्टर असायचा. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची.

पॅनेलवाला : असं लिहितो : 'ट्रिपचा कॉन्टॅक्ट, क्षणभर (०.२ सेकंद) जोडताना ३०, सतत वाहताना ६, तोडताना ०.३ अँपिअर. कॉइलची धारा ५२-ए ने तोडायची, रिलेने नाही.'

टेस्टिंगवाला : व्होल्टेज राहिलं. ०.३ हा १२५ व्होल्ट डीसीचा आकडा आहे. अशा रिलेत २५० व्होल्टला तोच ०.२ वर येतो, आणि मोठ्या उपकेंद्रांत बॅटरी २२० ची असते.