वाचलेलं कुणाला सांगता? अनुभव लिहा

परवा रात्री दीड वाजता एक कादंबरी संपली आणि मी नुसतीच बसून राहिले. घरात सगळे झोपलेले, मैत्रिणीला फोन करावा तर तिची सकाळची शिफ्ट, आणि इकडे पोटात असं होत होतं की आत्ताच्या आत्ता कुणालातरी सांगितलं नाही तर डोळ्याला डोळा लागायचा नाही. शेवटी नवऱ्याला हलवून उठवलं. त्याने डोळे चोळत सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग तिने शेत विकलं की नाही शेवटी?" त्या एका प्रश्नावर आम्ही तीन वाजेपर्यंत बोलत होतो, मध्ये एकदा चहा पण झाला.

मी मूळची रत्नागिरीची. आमचं नगर वाचनालय १८२८ सालचं, म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. पण मला त्यातली पुस्तकं आठवायच्या आधी बाबा आणि त्यांचे मित्र आठवतात. पुस्तक बदलून दोघं बाहेर यायचे आणि लगेच घरी कधी जायचेच नाहीत, तिथेच उभं राहून बोलत बसायचे आणि मी पिशवी सांभाळत. मला कितीतरी वर्षं वाटायचं की मोठी माणसं वाचनालयात बोलायलाच जातात आणि पुस्तक हे निमित्त.

तर लिहा ना. कुणाशी बोलता पुस्तकांबद्दल, कुठे, कशावरून भांडलात. पुस्तकाचं नाव आठवत नसेल तरी चालेल.

गॅलरीवाला

गिरगावात चाळीत वाढलोय. दिवाळी अंक म्हणजे एका घराने एक घ्यायचा, आमच्या मजल्यावर ११ बिऱ्हाडं म्हणजे ११ अंक. कव्हरच्या आतल्या बाजूला वहीचा कागद चिकटवलेला, त्यावर खोली नंबर आणि तारीख, चार दिवसात अंक पुढच्या दारात गेला पाहिजे. कुणीतरी कधीतरी तारखेच्या पुढे शेरा लिहायला सुरुवात केली आणि मग ती पद्धतच पडली. "दुसरी कथा आधी वाचा." "शेवट पटला नाही. ४ नंबर." त्याखाली वेगळ्या शाईत "मला पटला. ९ नंबर." मग पहाटे पाणी आलं की हंडे लावून ४ नंबर आणि ९ नंबर समोरासमोर! कथेतली बाई नवऱ्याला सोडून जाते ते बरोबर की चूक यावर दोघी इतक्या तावातावाने बोलायच्या की हंडा भरून वाहायला लागला तरी लक्ष नसायचं.

पहिला दिवाळी अंक १९०९ चा, 'मनोरंजन' मासिकाचा, काशिनाथ रघुनाथ मित्रांनी काढला, हे मला शाळेत नाही तर ७ नंबरच्या आजोबांकडून कळलं. दर दिवाळीला सांगायचे आणि दर दिवाळीला आम्ही नव्याने ऐकल्यासारखं ऐकायचो. चाळ गेली आता, टॉवर झाला. एका अंकाचा तो चिकटवलेला कागद तेवढा माझ्याकडे आहे, अंक नाही, फक्त कागद.

लेडीज डबा

मी कसारा लाइनची. आमचा ८ जणींचा ग्रुप, रोज जायला जवळजवळ दीड तास, कुणी मेथी निवडतंय, कुणी जप करतंय, कुणाची झोप. एके दिवशी एकीने पिशवीतून 'मृत्युंजय' काढलं. जाडजूड पुस्तक, उभ्याने वाचता येईना म्हणून बसलेलीच्या मांडीवर ठेवून तिलाच म्हणाली तू मोठ्याने वाच. झालं. दुसऱ्या दिवशीपासून तेच.

ज्यांनी वाचलंय त्यांना माहितीये की ते एकाच्या तोंडून सांगितलेलं नाहीये, कर्ण सांगतो तसं कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण पण आपापल्या बाजूने सांगतात. मग आम्ही माणसं वाटून घेतली. जिचा आवाज खणखणीत ती दुर्योधन. शोण म्हणजे कर्णाचा धाकटा भाऊ, तो आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीला, नुकती नोकरीला लागलेली. आणि कुंती आली एका मावशींकडे, रिटायरमेंटला आलेल्या, कधी फारसं बोलायच्या नाहीत. त्यांनी बाळाला पाण्यात सोडायचा भाग वाचला आणि मध्येच थांबल्या. पुस्तकात बोट तसंच. डब्यात गर्दी, पंख्यांची घरघर, पण आमच्या कोपऱ्यात कुणी काही बोलेना. तेवढ्यात चौथ्या सीटवर टेकलेली एक बाई, आम्ही तिला रोज नुसतं बघायचो, नाव पण माहीत नव्हतं, ती म्हणाली "तिला विचारलं होतं का कुणी, मूल पाहिजे का म्हणून? आता सगळी दुनिया तिलाच बोलते." आणि जो काही वाद पेटलाय! कुंती चुकली म्हणणाऱ्या तीन, नाही म्हणणाऱ्या चार, कल्याण गेलं, ठाणं गेलं, दादर आलं तेव्हा कळलं की निम्म्या जणींची मेथी तशीच राहिलीये.

ती चौथ्या सीटवाली तेव्हापासून आमची नववी. आज पण तिची जागा धरून ठेवतो आम्ही.

पेन्सिलखूण

वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये हे मान्य, मी लिहीत नाही. पण एका जुन्या आत्मचरित्रात समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं, "इथे थांबून पाणी प्यावे." मी हसले आणि पान उलटलं, आणि खरंच पाणी प्यावं लागलं. कोण होतं ते माणूस, कधी वाचलं, काही पत्ता नाही, पण आम्ही दोघांनी ते पुस्तक बरोबरच वाचलं असं मला वाटतं.

मु. पो. माण

आमचं धनगराचं घर. आजोबा अंगठेबहाद्दर, पण ऐकायची भारी हौस. मी अकरावीत असताना 'बनगरवाडी' आणलं होतं कॉलेजातून आणि रात्री लाइट गेली की कंदिलापुढं त्यांना वाचून दाखवायचो. पुस्तक आमच्याच भागातलं, व्यंकटेश माडगूळकर माडगूळ्याचे, आटपाडी तालुका, म्हणजे आमच्या शेजारचंच. नवा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, पोरं शाळेत यायला मागत नाहीत, वाडीवर तालीम बांधतात, असं सगळं. आजोबा मध्ये मध्ये थांबवायचे. "ह्यो माणूस मेंढरात ऱ्हायलाय. न्हाईतर ह्ये कुणाला कळत न्हाई." एखादी गोष्ट पटली नाही तर म्हणायचे, "पुन्यांदा वाच." मग पुन्हा वाचलं की गप्प बसून मान हलवायची.

शेवटी दुष्काळ पडतो आणि माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडून जायला लागतात. तिथं आलो तर म्हणाले, "बास. मिटव." मला वाटलं झोप आली. दुसऱ्या दिवशी रात्री मी पुस्तक काढलं तर म्हणाले, ऱ्हाऊ दे, आज मी सांगतो. आणि १९७२ चं सांगायला लागले. मेंढरं घेऊन किती लांब चालत गेले, वाटेत किती मेली, आज्जी खडी फोडायला गेलेली, सरकारनं दिलेली मिलो नावाची लाल ज्वारी, तिच्या भाकरीला कशी चव नव्हती, आणि सुकडी मिळायची ती पोरांना घालून मोठी माणसं नुसती वास घ्यायची. माझे वडील तिथंच बसलेले, त्यांनी पण यातलं निम्मं पहिल्यांदा ऐकलं. एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "आता वाच म्होरलं." मग मी शेवट वाचला.

नंतर मी एम.ए. मराठी केलं, या कादंबरीवर वर्गात तास तास चर्चा ऐकल्या, चांगल्या होत्या, पण त्या दोन रात्रींसारखं काही नाही.

बडोदेकर

इथे सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेली सेंट्रल लायब्ररी आहे. आत पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या एकावर एक मजल्याने आणि मधली जमीन जाड काचेची, म्हणजे उजेड वरून खालपर्यंत झिरपावा. लहानपणी मी त्या काचेवर चप्पल काढून चालायचो, फुटेल या भीतीने. माझा जिगरी दोस्त गुजराती, त्याला मराठी वाचता यायचं पण जोडाक्षरांना अडायचा. मग ठरलं, मी त्याला मराठी पुस्तक गुजरातीतून सांगायचं आणि त्याने मला गुजराती पुस्तक मराठीतून. सांगताना एखादा शब्द दुसऱ्या भाषेत सापडायचाच नाही, 'हुरहूर' ला काय म्हणू यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवलीये मांडवीपर्यंत चालत. शेवटी तो म्हणाला राहू दे, कळली मला, आत्ता होतेय ती हीच.

झेडपीचे सर

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, कलामसाहेबांचा वाढदिवस. शाळेत कार्यक्रम होतो, फोटो काढतात, ते जाऊ दे. मला सांगायचंय ते चौथीतल्या एका पोराचं. शाळेतल्या पुस्तकांच्या पेटीतलं एक गोष्टीचं पुस्तक घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी वर्गापुढे गोष्ट सांगितली, एका हरवलेल्या बैलाची, शेवट इतका छान की पोरं टाळ्या वाजवायची विसरली. मी म्हटलं बघू पुस्तक. तर शेवटची चार पानं फाटलेली! म्हटलं अरे मग शेवट कुठून आणला? तो मान खाली घालून म्हणाला, "सर, बैल घरी यायला पाहिजे होता."

मग काय, वर्गात दंगा. एक मुलगी उठून म्हणाली नाही सर, बैल नाही आला, तो ज्यांच्याकडे गेला त्यांनी त्याला जास्त चांगलं ठेवलं. दुसरा म्हणाला बैल आला पण म्हातारा झाल्यावर. त्या आठवड्यात पोरांनी १७ शेवट लिहून आणले, मी ते दोऱ्याने शिवून फाटक्या पानांच्या जागी लावलेत. आता पेटीतलं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक तेच. कुणी मला अख्खी प्रत आणून दिली तरी मी ती पेटीत ठेवणार नाही.

दुबईहून

इथे नाशिकच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी येते, कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा उपक्रम, २००९ पासूनचा. पेटी उघडायच्या दिवशी एका घरी जमतो, कांदेपोहे, लहान पोरं पेटीत डोकं घालून, आणि मोठी माणसं पण तशीच. मला सगळ्यात आवडतं ते हे की पुस्तक आपण निवडून विकत घेत नाही, समोर येतं ते वाचतो. मी आयुष्यात शेतीवरचं पुस्तक हातात घेतलं नसतं. घेतलं, आवडलं, आणि ज्यांनी ते आधी वाचलं होतं त्या काकांशी माझी त्याआधी फक्त "काय म्हणता, बरंय ना" एवढीच ओळख होती.

भटक्या

स्ट्रॉबेरी खायला भिलारला गेलो होतो, पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं, २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरात पुस्तकं मांडलेली, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचा. जिथे बसलो तिथल्या ताई भांडी घासता घासता म्हणाल्या, "ते नका घेऊ, त्याच्या खालचं घ्या, ते वाचताना माणसं उठतच नाहीत बघा." खरंच उठलो नाही. पोरांनी हाका मारून मारून कंटाळून एकट्यांनीच स्ट्रॉबेरी संपवली.

रीडर

कॉलेजात असताना एका अंध मित्राला अभ्यासाची पुस्तकं वाचून दाखवायचो. परीक्षा संपल्यावर म्हणाला, आता चांगलं काहीतरी वाच. मी तोपर्यंत भराभर वाचणारा, वर्णनं आली की सरळ गाळायचो. त्याच्यापुढे ते चालायचं नाही. पावसाचं वर्णन आलं की म्हणायचा "थांब, परत. आधी पत्र्यावर म्हणाला की कौलावर?" मला आठवायचंच नाही, आत्ताच वाचलेलं असून. मी डोळ्यांनी वाचत होतो आणि तो ऐकत होता, आणि पुस्तक त्याला जास्त दिसत होतं. आता एकटा वाचतो तेव्हा पण ओठ हलतात माझे, सवयच लागली. बायको विचारते कुणाला वाचून दाखवतोयस.

सूनबाई

सगळ्यांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी बंगलोरला, सासरे कोल्हापूरला, वय ८४. सासूबाई गेल्यावर त्यांचं बोलणंच कमी झालं होतं, फोनवर "जेवलात का बाबा" "हो" यापुढे गाडी जायची नाही. मी एकदा सहज म्हटलं की बाबा, मी अमुक पुस्तक वाचतेय, तर म्हणाले माझ्याकडे आहे ते, चाळीस वर्षांपूर्वी वाचलं होतं, परत काढतो. तेव्हापासून आमचा नेम झाला. दोघांनी एकच पुस्तक घ्यायचं, रोज वीस पानं, रात्री आठला फोन.

ते पुढचं वाचून ठेवतात! मला आवाजावरून कळतं. मी एखाद्या पात्राचं कौतुक केलं की पलीकडून नुसतं "हं... बघ आता काय होतंय ते." मी म्हणते बाबा, तुम्ही पुढे गेलात ना? "छे छे, वीसच पानं." मागच्या महिन्यात एका कादंबरीवरून खरंच कडाक्याचं भांडलो, त्यांचं म्हणणं थोरल्या भावाने घर सोडायला नको होतं, माझं म्हणणं त्याने दहा वर्षं आधी सोडायला पाहिजे होतं. फोन ठेवताना दोघं रागावलेले. आणि दुसऱ्या दिवशी आठला पाच कमी असतानाच त्यांचा फोन, "अगं, मी विचार केला रात्रभर. त्या भावाचं वय किती दिलंय बघ, पहिल्या प्रकरणात असेल." म्हणजे रात्रभर तो भाऊ त्यांच्या खोलीत होता, एकटे नव्हते.

आठ वाजत आलेत, माझी अजून सहा पानं राहिलीयेत. पळते.